कोकणातलं बाळंतपण: नोंदणीपासून सव्वा महिन्यापर्यंत

गरोदर बाईला जो तो एकच विचारतो, "तारीख कधीची दिलीय?" आमच्या किनारपट्टीवर त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा असतो: कळा सुरू झाल्या तर घरातून कधी निघायचं, कशाने आणि कुठे. घर पाखाडीच्या पायऱ्यांखाली, गाडीरस्ता वर सड्याच्या पठारावर, मध्ये पऱ्ह्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल. खाडीपलीकडे जायचं तर रात्री उशिरा फेरी बोट नसते. पावसाळ्यात घाटात दरड आली की कोल्हापूरची वाट बंद. उपकेंद्रात नर्स म्हणून काम करताना मी बघितलंय की तपासण्या, गोळ्या, सोनोग्राफी हे सगळं नीट करणाऱ्या घरातसुद्धा निघायचं कधी हे कुणी ठरवलेलं नसतं. म्हणून या लेखात नऊ महिन्यांची माहिती आहेच, पण तिचा रोख त्या निघण्याकडे आहे.

पाळी चुकली की

आठवडाभर वाट बघा आणि लघवीची तपासणी करा. पट्टी आशाताईकडे मिळते. आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी पद्धत आहे. पाळायची तर पाळा, शेजारीपाजारी नका सांगू. पण आशाताईला सांगा. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत झाली तर पुढचं सगळं वेळेवर होतं.

नोंदणीला पहिला प्रश्न येतो तो शेवटच्या पाळीचा. बायकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो: "गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी." तेही चालतं, नर्सबाई कॅलेंडर उघडून तारीख काढते. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १ ऑक्टोबरला आली असेल तर अंदाजे तारीख ८ जुलै, म्हणजे ऐन लावणीत, धो धो पावसात. हे पहिल्याच महिन्यात कळलं तर तयारीला पुरेसा वेळ मिळतो. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेसाठी सगळ्यात भरवशाची. ती उशिरा केली तर तारीख तितकी नेमकी सांगता येत नाही.

त्याच भेटीत वजन, उंची, बीपी, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी होते. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू होते. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, म्हणून ती लवकर हवी. मूल हवं असं ठरवलं असेल तर दिवस राहण्याआधीपासून घेतलेली उत्तम.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते आणि चौथ्या महिन्यात बहुतेकींची ओसरते. उठल्याउठल्या चहा नको, आधी कोरडं काही खा: लाह्या, भाकरीचा तुकडा. मग थोड्या थोड्या वेळाने पेज. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर "डोहाळे कडक आहेत" म्हणून घरी बसू नका, सलाईन लागतं. अंगावरून रक्त गेलं किंवा ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखून चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना. गर्भ नळीत राहिला असेल तर तासांचाही प्रश्न असतो.

आणि मिश्री. दात घासायला म्हणून घेतात, पण दिवसातून चार वेळा लावणाऱ्या कितीतरी जणी आहेत. ती तंबाखूच आहे, आणि तिने बाळाचं वजन कमी भरतं. नर्सबाई विचारेल तेव्हा खरं सांगा. ती ओरडली तर ओरडू दे, पण सोडायला मदतही तीच करेल.

नर्सबाई, सुईण आणि डॉक्टर

पूर्वी वाडीतली सुईण सगळं बघायची. आज उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे आपली नर्सबाई, तपासणी करते आणि प्रशिक्षण असेल तर बाळंतपणही करते. २०१८ पासून देशात परिचारिकांना अठरा महिन्यांचं वेगळं मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपण करण्याचं, प्रशिक्षण देण्याचं धोरण आलं आहे. साधं, अडचण नसलेलं बाळंतपण अशा कुशल परिचारिकेच्या हातून व्हावं, ही त्यामागची कल्पना. ती मला मनापासून पटते. बाळंतपण हा आजार नव्हे. बहुतेक वेळा बाईला हवं असतं ते कुणीतरी शेजारी थांबणारं, पाठ चोळणारं, मधूनमधून बाळाचे ठोके ऐकणारं माणूस. मात्र चांगल्या मिडवाइफची खरी परीक्षा दुसरीकडे आहे: आता हे आपल्या हातचं राहिलं नाही, हे तिला वेळेत कळतं का.

सुईणीला घरातून हाकलायची गरज नाही. तेल लावणं, बाळंतिणीला न्हाऊ घालणं, धीर देणं हे ती आपल्यापेक्षा छान करते. तिने आतून तपासू नये, पोट दाबू नये. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन घरात कुणीही देऊ नये, मग तो ओळखीचा डॉक्टर का असेना. त्याने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकतं.

किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ मध्ये, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६ नंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते, त्यामुळे चारांवर थांबू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर डॉक्टर मोफत तपासतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत एकदा तरी त्या दिवशी जाच.

चौथा ते सातवा महिना

हे दिवस सगळ्यात सुखाचे. भूक परत येते, चेहरा उजळतो, आणि नेमक्या याच काळात लोहाच्या गोळ्या बंद पडतात.

एका घरी गेले होते. मांडणीवर बिस्किटाच्या डब्यात लाल गोळ्यांच्या पट्ट्या, एकही फोडलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्ये खाल्ल्यार तिचा पोट बिघडता गो बाय." सून खाली मान घालून. पापणी खाली ओढून बघितली तर आत नुसतं पांढरं. मग तिथेच बसून ठरवलं: गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर, चहा तिच्या आगेमागे नाही, कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर. शी काळी होणार, ते लोहामुळे, घाबरायचं नाही. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवायची. डबा सासूबाईंच्याच ताब्यात दिला. ज्या माणसाचा विरोध, त्याच्याच हातात गोळी द्यावी, हे माझं ठाम मत आहे.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, किमान १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या, लोहापासून दोन तास लांब, कारण एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. जंताची एक गोळी दुसऱ्या तिमाहीत. धनुर्वाताची, म्हणजे आताची टीडी, दोन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने. मागच्या बाळंतपणाला तीन वर्षं व्हायची असतील आणि तेव्हा दोन्ही घेतली असतील तर एकच पुरतं.

१८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी बाळाचे अवयव बघण्यासाठी. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल आत्ताच विचारून ठेवा.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखं वाटतं, मग लाथा. २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाची रोजची चाल ओळखीची होते. ती कमी वाटली तर खाऊन डाव्या कुशीवर झोपा, लक्ष द्या; तरी बाळ गप्प असेल तर सकाळची वाट न बघता तपासायला जा.

खाण्यात आपल्याकडे काय कमी आहे? नाचणीची भाकरी किंवा आंबील, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा आणि कुर्डू, अंडी, आणि मासे. बांगडा, तारली, मांदेली, ताजे बोंबील खुशाल खा. मोरी (शार्क) टाळा, मोठ्या सुरमईचे तुकडे क्वचित. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. खारवलेलं सुकं मासळं बीपी असलेल्यांनी बाजूला ठेवावं. फणस-आंबा उष्ण म्हणून बंद करतात. साखर ठीक असेल तर हापूसच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही.

लावणीच्या दिवसांसाठी खास सूचना. चिखलात उभं राहून लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो, हे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. गावात प्रतिबंधाच्या गोळ्या वाटतात, त्यात डॉक्सीसायक्लिन असते. ती गरोदर बाईने घेऊ नये. शेजारणीने दिली म्हणून गिळू नका, नर्सबाईला विचारा. पायाला जखम असेल तर शेतात उतरूच नका. ताप आला तर पॅरासिटामॉल चालते, अंगदुखीच्या इतर गोळ्या नाहीत, आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं.

माहेर, मुंबई आणि मातेचं कार्ड

आपल्याकडची निम्मी गुंतागुंत इथली. नोंदणी मुंबईला, सोनोग्राफी तिकडच्या खासगी डॉक्टरकडे, डोहाळजेवण सातव्यात आणि मग बाळंतपणाला माहेरी गावाला. रात्री कळा आल्या की इथल्या नर्सपुढे कोरी पाटी. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट पिशवीत घाला, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा, आणि गावाला उतरल्यावर आठवड्याभरात उपकेंद्रात नाव द्या. रक्ताच्या गटाचा कागद हरवू नका.

प्रवास सहावा-सातवा महिना असताना करा, नवव्यात नको. कोकण रेल्वेत खालचा बर्थ मिळेल असं बघा. गणपतीच्या आणि शिमग्याच्या गर्दीत गरोदर बाईला बसवू नये. मुंबई-गोवा महामार्गावर तासन्‌तास अडकलेल्या गाडीत पाय सुजतात आणि लघवीला जागा नसते. रेल्वेतही दर तासाला उठून चाला.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्यासाठी आधार आणि बँक खातं आधीच जोडून घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, आणि घरी सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी हे नाव घेऊन विचारा.

आठवा-नववा: निघायची तयारी

३६ व्या आठवड्याच्या भेटीत नर्सबाई पोटावर हात ठेवते आणि बोटांनी चाचपते: वर मऊ ढुंगण, खाली कडक गोल डोकं, एका बाजूला सपाट पाठ. डोकं खाली नसेल, जुळं असेल, आधी सिझेरियन झालं असेल, बीपी १४०/९० किंवा वर असेल, रक्त फार कमी असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा विचार सोडा. जिथे शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही मिळेल तिथे जायचं: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर अलिबाग, रत्नागिरी, ओरोसचं जिल्हा रुग्णालय. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. ग्रामीण रुग्णालय ठरवलंत तर एक दिवस जाऊन विचारा: सिझेरियन इथे होतं का, भूलतज्ज्ञ कुठल्या दिवशी असतात, नसतील तर कुठे पाठवता. पाटीवर लिहिलेल्या सोयी आणि त्या दिवशी हजर असलेली माणसं या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

मग निघण्याचा हिशेब. १०२ ही गरोदर मातांची गाडी, १०८ तातडीची. दोन्ही फोनमध्ये टाकाच, पण गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबरही, त्यातला एक रात्री फोन उचलणारा असावा. वाडीपासून रस्त्यापर्यंत कसं नेणार? खुर्ची, डोली, उचलणारे चार जण कोण, हे ठरवा. विजेरी ठेवा. पावसाळ्यात तारीख असेल, साकव पाण्याखाली जात असेल, तर ३८ वा आठवडा लागला की दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे जाऊन राहावं. सासरचे "अजून आठवडे आहेत" म्हणतील. पण पऱ्ह्याला पूर आला की त्याला कुणाच्या तारखेची पर्वा नसते. रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसंही शोधून ठेवा.

पिशवीत कार्ड, आधार, जुनी मऊ लुगडी किंवा सुती कापड उन्हात वाळवलेलं, पॅड, बाळाची टोपी-मोजे, पुढे बटणं असलेला गाऊन, पेला, फोनचा चार्जर. बस्स.

यातलं काहीही झालं तर कळांची वाट न बघता निघायचं:
- अंगावरून रक्त जाणं
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात सुजणं
- झटके
- पाणी जाणं, त्यातही ते हिरवट असेल तर
- ताप, धाप लागणं
- बाळाची हालचाल मंदावणं

झटक्यांसाठी इंजेक्शनचा पहिला डोस जवळच्या आरोग्य केंद्रात देऊन मगच पुढे पाठवतात, त्यामुळे वाटेतलं केंद्र टाळून थेट शहर गाठू नका.

कळा

खोट्या कळा येतात-जातात, चाललं किंवा झोपलं की थांबतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, अंतर कमी होत जातं, जोर वाढतो. रक्ताळ चिकट स्राव दिसला तर सुरुवात झाली. पुस्तकात लिहितात, दर पाच मिनिटांनी कळ आली की निघा. दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल तर दहा मिनिटांवरच निघा, आणि दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर पहिल्या खऱ्या कळेलाच.

पहिल्या टप्प्यात गर्भपिशवीचं तोंड उघडतं. सुरुवात लांबट असते, त्यात बाई बोलते, चालते, पेज पिते, हेच बरं. पाच सेंटिमीटरनंतर वेग येतो. तिथून पूर्ण उघडायला पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. नर्सबाई अर्ध्या-अर्ध्या तासाने ठोके ऐकते, तक्ता भरते. तक्त्यातली रेषा अडली की तिला पुढे पाठवायची वेळ कळते. सोबत एक बाई ठेवता येते, तशी केंद्र सरकारची २०१६ पासून सूचनाच आहे. आई, जाऊ, आशाताई, कुणीही चालेल. फक्त घाबरट नको.

दुसऱ्या टप्प्यात बाळ बाहेर येतं. पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत चालतं. जोर तेव्हाच लावायचा जेव्हा आपोआप येतो. उताणं झोपलंच पाहिजे असं नाही. कुशीवर, बसून, टेकून, जसं जमेल तसं, फक्त आधी विचारून घ्या. पोटावर चढून दाबणं चूक आहे, कुणी केलं तर सोबतच्या बाईने बोलावं. टाके प्रत्येकीला लागत नाहीत.

तिसरा टप्पा वारेचा. घरचे तोवर पेढ्यांच्या मागे लागलेले असतात आणि खरी जोखीम नेमकी इथे असते. बाळ झाल्याबरोबर मांडीत इंजेक्शन देतात, त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. वार अर्ध्या तासात पडायला हवी. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापली तर बाळाला जास्त रक्त मिळतं. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तासाभरात अंगावर घ्यायचं. पहिला पिवळा चीक काढून टाकू नका.

सव्वा महिना

साधं बाळंतपण असलं तरी ४८ तास दवाखान्यात राहा. घरी आल्यावर एक पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील, घाण वास येत असेल, ताप असेल, पोटरी एकाच पायाची दुखून सुजली असेल, तर लगेच परत.

शेक-शेगडीला माझी हरकत नाही, बंद खोलीला आहे. कोळशाच्या धुराने आई-बाळ दोघंही गुदमरू शकतात. खिडकी उघडी हवी. बाळाला पहिल्या दिवशी अंघोळ नको, नाळेला राख-तेल-हळद काही लावू नका. गुटी, पाणी सहा महिने नाही, मध तर वर्षभर नाही. डोळ्यात काजळ नको. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत मात्र सोडा, दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणी खाऊ द्या, आणि मासे चालतात.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. ती बाळाचं वजन करते, तेव्हा आईकडेही बघते. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं नेहमीचं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं असं असेल तर ते दृष्ट लागल्याचं लक्षण नव्हे. नर्सबाईला सांगा किंवा टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत. पाळणा लांबवायला तांबी किंवा इंजेक्शन यातलं काय हवं ते सहाव्या आठवड्याच्या भेटीत ठरवून टाका, पाळी यायची वाट बघू नका. ती न येताही दिवस जातात. परतीचं तिकीट दीड महिन्याच्या लसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं काढा, त्याच दिवशीचं नको. लसीच्या रात्री बाळ कणकणतं, किरकिरतं, आणि तेव्हा आजीची मांडी रेल्वेच्या डब्यापेक्षा बरी. लसीची नोंद कार्डावर झाली का, तेवढं मात्र उपकेंद्रातून निघण्याआधी बघून घ्या.